प्रस्तावाचा मसुदा: तांत्रिक परिषदेत कोणाला बोलायला मिळते आणि का

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात राहणारे आणि ऐरोली, पवई किंवा वागळे इस्टेटमधील कार्यालयांत संगणकाचे काम करणारे जे हजारो तरुण आहेत, त्यांच्यापैकी ज्यांनी एखाद्या तांत्रिक परिषदेत बोलण्यासाठी कधी अर्ज केला असेल, त्यांना एक कोडे हमखास पडलेले असते. ज्याच्या विषयज्ञानाबद्दल कार्यालयात कोणालाही तिळमात्र शंका नाही, अशा पंधरा वर्षांच्या अनुभवी सहकाऱ्याचा प्रस्ताव नामंजूर होऊन परत येतो. आणि नोकरीला लागून जेमतेम दोन वर्षे झालेल्या एखाद्या मुलीचा प्रस्ताव मात्र पहिल्याच फेरीत मान्य होतो. वशिला म्हणावा, तर परीक्षकांपैकी कोणी तिला ओळखतही नाही. नशीब म्हणावे, तर पुढच्या वर्षीही असाच प्रकार घडतो. या कोड्याचे उत्तर प्रस्ताव पारखण्याच्या पद्धतीत दडलेले आहे, आणि ती पद्धत एकदा नीट समजली की प्रस्ताव सुधारण्याची वाटही आपोआप दिसू लागते.

आमंत्रण आणि अर्ज

आपल्याकडे व्याख्यानाची परंपरा जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला १८७५ सालची. ठाण्यातील रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमालेला आजही दर जानेवारीत श्रोते आवर्जून जातात. या परंपरेत आयोजक वक्त्याकडे जातात. वक्त्याचे नाव, त्याचा लौकिक आणि त्याची पूर्वीची भाषणे यांवरून आमंत्रण ठरते, आणि विषय बहुधा त्यानंतर पत्रव्यवहाराने निश्चित होतो.

तांत्रिक परिषदेत हा क्रम नेमका उलटा असतो. आयोजक एक जाहीर आवाहन करतात, मुदत घालून देतात, आणि ज्याला बोलायचे आहे त्याने आपण होऊन अर्ज दाखल करायचा असतो. पायथॉन या संगणकभाषेची पायकॉन इंडिया ही परिषद घ्या. २००९ साली बंगळूरला सुरू झालेली आणि २०११ साली पुण्यात भरलेली ही परिषद सर्वस्वी स्वयंसेवकांच्या बळावर चालते. तिच्या प्रस्तावांसाठी स्वयंसेवकांनीच 'जंक्शन' नावाची एक मुक्त संगणकप्रणाली तयार केली, आणि तिच्यातील अर्जाचे रकाने पाहिले की परीक्षकाला काय हवे असते त्याचा अर्धा उलगडा तेथेच होतो: शीर्षक, विषयाचे वर्णन, श्रोत्याला आधी काय ठाऊक असावे, व्याख्यान नवशिक्यांसाठी आहे की जाणकारांसाठी, पूरक साहित्याचे दुवे, आणि सर्वांत शेवटी वक्त्याची माहिती. वक्ता शेवटी आणि श्रोता आधी, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

परीक्षकाच्या हाती काय असते

परीक्षकासमोर व्याख्यान नसते, वक्ता नसतो, त्याचे ज्ञानही नसते. असतात फक्त काही परिच्छेद. डोंबिवलीच्या फलाटावर उभा असलेला प्रवासी गाडी येण्यापूर्वीच इंडिकेटरकडे पाहून आपला निर्णय करतो: गाडी कोठवर जाणार, जलद की धीमी, किती वाजता, डबे किती. ठाकुर्लीला उतरायचे असलेला मनुष्य चुकून जलद गाडीत शिरला, तर गाडी कितीही उत्तम असली तरी तो थेट कल्याणला जाऊन पोहोचतो. प्रस्तावाचे काम या इंडिकेटरचे आहे. व्याख्यान कोठवर नेणार, किती वेगाने, कोणासाठी थांबणार आणि कोणासाठी थांबणार नाही, हे त्याने आधी सांगावयाचे असते. आणि तो कोरा किंवा अस्पष्ट असेल, तर आत उभी असलेली गाडी कितीही चांगली असो, तिची खात्री परीक्षकाला पटण्याचे कारण नाही.

अनुभवी सहकाऱ्याची अडचण येथे होते. त्याला विषय इतका ठाऊक असतो की 'अमुक तंत्राचा सखोल आढावा' एवढे लिहिले की सारे आले असे त्याला मनापासून वाटते. दोन वर्षांच्या अनुभवाच्या मुलीला मात्र विषय सर्व बाजूंनी ठाऊक नसतो. तिला एकच प्रश्न पडलेला असतो, तो तिने एकदाच सोडवलेला असतो, आणि म्हणून तिचा प्रस्ताव त्या एका प्रश्नाविषयी, पुराव्यासह, नेमके बोलतो. परीक्षक निवडतात ते तिच्या नेमकेपणाला, आणि माझ्या मते त्यात अन्याय काही नाही.

कऱ्हाडे का सापडत नाहीत

एक काल्पनिक अर्ज घेऊन हे जवळून पाहू. त्यातील तांत्रिक भाग मात्र पूर्णपणे खरा आहे. समजा, कल्याणच्या एका अभियंतीला असे आढळले की एका ग्राहकयादीत 'कऱ्हाडे' हे आडनाव शोधले असता काही कऱ्हाडे सापडतात आणि काही सापडत नाहीत, जरी पडद्यावर ती सगळी नावे हुबेहूब एकसारखी दिसतात. तिने शोध घेतला तेव्हा कारण उमगले. संगणक अक्षर साठवतो ते क्रमांकांच्या रूपाने, आणि जगातील सर्व लिप्यांना असे क्रमांक देणारी जी सर्वमान्य व्यवस्था आहे तिला युनिकोड म्हणतात. आता 'कऱ्हाडे'तील 'ऱ्' हा या व्यवस्थेत तीन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, 'ऱ' या अक्षराला स्वतंत्र क्रमांक आहे, तो देऊन पुढे हलन्त. दोन, साधा 'र', त्याखाली नुक्ता, मग हलन्त. तीन, साधा 'र', हलन्त, आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. निरनिराळ्या कळफलकांतून आणि जुन्या टंकांच्या रूपांतरातून या तिन्ही तऱ्हा एकाच यादीत येऊन बसतात. वाचणाऱ्याला तिन्ही एकच. संगणकाला तीन वेगळी माणसे.

आता तिचा पहिला मसुदा असा होता असे धरू. शीर्षक: 'पायथॉनमधील युनिकोड: एक सखोल अभ्यास.' वर्णन: 'या व्याख्यानात युनिकोडचा इतिहास, सांकेतिक पद्धतींचे प्रकार, पायथॉनमधील सुविधा आणि उत्तम कार्यपद्धती यांचा आढावा घेण्यात येईल. श्रोत्यांना युनिकोडची संपूर्ण समज येईल.'

या चार ओळींत खोटे एक अक्षर नाही, तरीही परीक्षकाच्या दृष्टीने त्यांत काहीच नाही. हाच मजकूर शेकडो जण लिहू शकले असते. तो लिहिण्यासाठी कऱ्हाडे हरवावे लागत नाहीत. अर्ध्या तासात संपूर्ण समज येणे शक्य नाही हे परीक्षकाला ठाऊक असते, त्यामुळे शेवटचे वाक्य विश्वास वाढविण्याऐवजी कमी करते. आणि ज्या एका गोष्टीमुळे हे व्याख्यान या व्यक्तीनेच द्यावे असे वाटले असते, ती गोष्ट मसुद्यात कोठेही नाही. ती बहुधा तिने प्रास्ताविकातील गंमत म्हणून स्लाइडसाठी राखून ठेवलेली असावी.

सुधारलेला मसुदा पाहा. शीर्षक: 'कऱ्हाडे सापडत नाहीत: मराठी नावांचा शोध आणि एका अक्षराची तीन रूपे.' वर्णन: 'पडद्यावर एकसारखी दिसणारी मराठी आडनावे शोधताना काही का निसटतात? या व्याख्यानात "ऱ्" तीन प्रकारे कसा साठवला जातो ते प्रत्यक्ष दाखवीन. पायथॉनमधील तयार सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची पर्यायी रूपे एका ठरावीक रूपात आणण्याची क्रिया, पहिल्या दोन रूपांना एक करते. तिसरे रूप मात्र तसेच राहते, कारण अदृश्य जोडचिन्ह ती काढत नाही. त्यासाठी लिहिलेला नियम, आणि तो आंधळेपणाने लावल्यास कोठे नुकसान होते, हेही दाखवीन. पायथॉनमध्ये छोटे प्रोग्राम लिहिणाऱ्या कोणालाही समजेल. युनिकोडचे पूर्वज्ञान गरजेचे नाही.' आणि खाली वेळेची वाटणी: प्रश्न पाच मिनिटे, तीन रूपांचे प्रात्यक्षिक दहा, उपाय आणि त्याच्या मर्यादा दहा, श्रोत्यांच्या शंका पाच.

विषय तोच आहे, व्यक्ती तीच आहे, ज्ञानातही भर पडलेली नाही. बदलले ते एवढेच की निष्कर्ष झाकून न ठेवता उघड सांगितला गेला. नवखे लेखक येथे फार कचरतात. सारे आधीच सांगून टाकले तर व्याख्यानाला कोण येईल, अशी त्यांना भीती वाटते. ती भीती निराधार आहे. परीक्षक रहस्यकथेचा वाचक नसतो, आणि श्रोताही दोन दालनांपैकी कोणत्या दालनात जावे हे ठरवताना रहस्याच्या आशेने जात नाही. उपायाची मर्यादा आपण होऊन सांगणे हा तर प्रस्तावातील सर्वांत वजनदार भाग होय, कारण काम स्वतः केल्याखेरीज मर्यादा कळत नाही.

| चौकट: अर्ज पाठविण्यापूर्वी |
|---|
| शीर्षकातून प्रश्न कळतो का? |
| श्रोता सभागृहात येताना काय जाणून असावा आणि जाताना काय घेऊन जाईल, ही दोन वाक्ये मसुद्यात सापडतात का? |
| हे वर्णन विषय ठाऊक असलेला कोणीही लिहू शकला असता का? तसे असेल, तर स्वतः केलेल्या कामाचा तपशील अद्याप आलेला नाही. |
| मिनिटांची बेरीज दिलेल्या वेळेइतकी होते का, आणि शंकांसाठी वेळ उरतो का? |

शेरा कसा असावा

प्रस्ताव सुधारण्याची अर्धी जबाबदारी परीक्षकावर असते, आणि तिची वाच्यता फार कमी होते. अनेक परिषदांत मुदतीपूर्वी आलेल्या प्रस्तावांवर अभिप्राय देऊन ते दुरुस्त करण्याची संधी दिली जाते. अशा वेळी शेरा हा निकाल नसून मदत असते. 'विषय चांगला आहे, पण अधिक खोली हवी' असा शेरा लिहिणे सोपे आहे, आणि तो जवळजवळ निरुपयोगी आहे. कारण खोली कोठे हवी हे लेखकाला त्यातून कळत नाही. तो घाबरून सगळीकडेच भर घालतो, आणि प्रस्ताव होता त्याहून फुगतो.

उपयोगी शेरा लेखकाला एक काम देतो. 'तुमच्या आराखड्यात पहिली बारा मिनिटे इतिहासात जातात. हा इतिहास काढून टाकला तर पुढचे काही अडते का? अडत नसेल, तर तुम्हाला ही अडचण प्रथम कोठे आली तेथून आरंभ करा.' यात दोष दाखविला आहे, तो कोठे आहे ते सांगितले आहे, आणि निर्णय लेखकाच्या हाती ठेवला आहे. दुसरी एक सवय चांगल्या परीक्षकाला असते: गुण देण्यापूर्वी तो स्वतःच्या शब्दांत 'हे व्याख्यान अमुक श्रोत्याला अमुक शिकवील' असे एक वाक्य लिहून पाहतो. ते वाक्य लिहिता आले नाही, तर दोष बहुधा मसुद्यात असतो, क्वचित परीक्षकाच्या थकव्यात. आणि लागोपाठ चाळीस प्रस्ताव वाचलेल्या माणसाने हा दुसरा संभव प्रामाणिकपणे तपासून पाहावा, आवश्यक तर उरलेले काम दुसऱ्या दिवसावर ढकलावे.

नाव झाकावे की दाखवावे

लेखकाचे नाव परीक्षकाला दिसावे की नाही, हा वादाचा प्रश्न आहे. २०१७ साली केंब्रिजला भरलेल्या एका संगणकशास्त्रीय परिषदेत याची रीतसर चाचणी झाली: परीक्षकांपैकी अर्ध्यांना लेखकांची नावे व संस्था दाखविल्या, अर्ध्यांपासून त्या लपविल्या, आणि दोन्ही गटांना तेच निबंध दिले. नावे पाहणाऱ्या गटाचा कौल प्रसिद्ध लेखकांकडे, नामांकित विद्यापीठांकडे आणि मोठ्या कंपन्यांकडे अधिक झुकलेला आढळला. डोंबिवलीतील लहान कंपनीत काम करणाऱ्याच्या दृष्टीने या निष्कर्षाचा अर्थ उघड आहे. बर्लिनच्या जेएसकॉन परिषदेने २०१२ साली स्त्रियांना आवर्जून अर्ज करायला सांगितले आणि निवड मात्र नावे झाकून केली. त्या वर्षी वक्त्यांत स्त्रियांचे प्रमाण २५ टक्के झाले.

जंक्शनची रीत याच्या उलट आहे. तेथे प्रस्ताव सर्वांना खुले दिसतात, लोक त्यांवर मते व टिप्पण्या नोंदवितात, आणि ज्याचे मित्र अधिक त्याला मते अधिक पडण्याचा धोका राहतो. तरीही या खुलेपणाचा एक लाभ मला फार मोलाचा वाटतो: ज्याने आयुष्यात कधी प्रस्ताव पाहिलेला नाही, असा कल्याणचा विद्यार्थी घरबसल्या मागील वर्षांचे प्रस्ताव वाचू शकतो. प्रथम फेरीत नावे झाकावीत, आणि निवड झाल्यावर सर्व मान्य प्रस्ताव अभ्यासासाठी खुले ठेवावेत, असा मध्यममार्ग मला योग्य वाटतो.

पंचांचे मतभेद

इतकी काळजी घेऊनही निवड अचूक होते का? २०१४ साली माँट्रियल येथील एका मोठ्या परिषदेने, जी तेव्हा निप्स या नावाने ओळखली जाई, एक धाडसी प्रयोग केला. आलेल्या निबंधांपैकी १६६ निबंध दोन स्वतंत्र समित्यांकडे पाठविले, आणि कोणत्याही समितीला दुसरीचा निकाल कळू दिला नाही. ४३ निबंधांबाबत दोन समित्यांचे निकाल परस्परविरुद्ध आले. हा आकडा लहान भासतो, परंतु बहुतांश निबंध मुळातच नामंजूर होणारे होते हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचा खरा अर्थ कळतो: एका समितीने स्वीकारलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून अधिक निबंध दुसऱ्या समितीने नाकारले होते. अत्युत्तम आणि अगदीच कच्चे यांबाबत सहसा एकमत होते. मधल्या विस्तीर्ण पट्ट्यात मात्र कोणते परीक्षक वाट्याला आले यावर बरेच अवलंबून असते.

नकाराचे एक बोलके उदाहरण पाहा: डिसेंबर १९९१ मध्ये टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे भरलेल्या हायपरटेक्स्ट परिषदेने वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांचा वेबवरील निबंध स्वीकारला नाही. त्यांना केवळ प्रात्यक्षिक दाखविण्याची परवानगी मिळाली. म्हणून मधल्या पट्ट्यातील लेखकाने नकाराचे पत्र आपल्या लायकीचा दाखला समजू नये, आणि परीक्षकाने नकारासोबत कारण लिहिल्याखेरीज राहू नये.

परीक्षणच नसेल तर

मग चाळणी काढूनच टाकली तर? भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०२ वे अधिवेशन जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या यजमानपदाखाली भरले, तेव्हा संस्कृतातील प्राचीन शास्त्रांवरील एका सत्रात असे प्रतिपादन झाले की वैदिक काळी ग्रहांवरून ग्रहांवर जाणारी, मागेही उडणारी विमाने होती. आधार होता 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचा. या ग्रंथाची परीक्षा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ सालीच केली होती, आणि तो विसाव्या शतकाच्या प्रारंभीचा असून त्यात वर्णिलेली याने उडू शकणार नाहीत असा निष्कर्ष प्रसिद्ध केला होता. चाळीस वर्षांपूर्वीचा हा अभ्यास ज्याला ठाऊक आहे, अशा एका परीक्षकाने 'या निष्कर्षाला आपले उत्तर काय?' एवढा एकच प्रश्न आधी विचारला असता, तर पुढची नामुष्की टळली असती. २०१९ च्या जालंधर अधिवेशनात असाच प्रकार घडल्यावर वक्त्यांकडून गोषवारे आधी मागवून तपासण्यात येतील असे काँग्रेसच्या चालकांनी जाहीर केले. परीक्षणात चुका होतात हे खरे, परंतु प्रश्न विचारणारा कोणीच नसणे ही त्याहून कितीतरी महाग पडणारी व्यवस्था आहे.

मुदतीपूर्वीचे पंधरा दिवस

आपल्या भागात या कामाची तयारी करून घेण्याजोगी सामग्री आहे. १९९३ पासून चालणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत दहा ते सतरा वर्षांची मुले आपल्या परिसरातील प्रश्नावर प्रकल्प करून तो परीक्षकांपुढे मांडतात, आणि ठाण्याचा जिज्ञासा ट्रस्ट या उपक्रमाशी दीर्घकाळ निगडित आहे. प्रश्न लहान ठेवा, पुरावा स्वतः गोळा करा, मांडणी ठरलेल्या वेळेत बसवा, हा धडा आठवी-नववीतील मुले गिरवतात. तोच पुढे नोकरीच्या गर्दीत विस्मृतीत जातो. पवईच्या आयआयटीत अनेक वर्षे सायपाय इंडिया ही वैज्ञानिक संगणनाची परिषद भरत आली, तेव्हा ठाण्याहून तेथवरचे अंतर कधीच अडचणीचे नव्हते. उणीव होती ती घराजवळ मसुदा वाचून दाखविण्याच्या जागेची.

ती जागा शोधावी लागणार नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. अशा संस्थांच्या एखाद्या खोलीत, परिषदेची मुदत संपण्यापूर्वी पंधरा दिवस, शनिवारी सायंकाळी सहा-सात जणांनी आपापले मसुदे घेऊन बसावे. प्रत्येकाने दुसऱ्याचा मसुदा मोठ्याने वाचावा, आणि 'हे व्याख्यान कोणाला काय शिकवील' ते एका वाक्यात सांगावे; लेखकाने तोवर एक शब्दही बोलू नये. सांगणाऱ्याचे वाक्य आणि लेखकाचा हेतू जुळला नाही, तर त्याच बैठकीत दुरुस्ती व्हावी. ज्यांनी पूर्वी परिषदांत भाषणे केली आहेत किंवा प्रस्ताव तपासले आहेत, अशा ठाणे-कल्याणच्या मंडळींना माझी विनंती आहे की त्यांनी वर्षातील एक सायंकाळ या कामाला द्यावी, आणि ज्यांचा प्रस्ताव गेल्या वर्षी परत आला त्यांनी तो दप्तरातून काढून, त्यावरील शेरा पुन्हा वाचून, सोबत आणावा.